डाव्या बाजूचा दोष

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.४०

हर्षाचा फोन. नऊ मिनिटं. नेटवर्क भिकार.

आजपासून रोजनिशी. चेन-सॉ कंपनीने नववर्षाला दिलेली डायरी दीड महिना कोरी पडून आहे. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. खरं हे, की पोरगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून इअरफोन बनवणाऱ्यांनी माझा छळ मांडला आहे. चार जोड्या झाल्या. चार वेगळ्या कंपन्या. चारही डाव्या बाजूला नापास. उजवीकडे बरा आवाज, डावीकडे शुकशुकाट. या देशात डावी बाजू कोणी मन लावून बनवतच नाही.

माझ्या हाताखालचा सुकलू म्हणाला, भाऊ, उलटे घालून पाहा ना. उलटे कशाला घालू? त्यावर एल आणि आर छापलेलं असतं ते काय शोभेला?

चांगली जोडी मिळेपर्यंत माझं काही अडत नाही. फोनवर बोलायला तीन शब्द पुरतात. बरं, होऊ दे आणि बघू. समोरचा नुसतं सांगत असेल तर बरं. खुशीत असेल तर होऊ दे. काही मागत असेल तर बघू. चढउतारावरून कळतं, प्रत्येक शब्द ऐकायची गरज नसते. 'बघू' मात्र मी जपून वापरतो. हर्षा आणि तिची आई, दोघींनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की बाबांचं बघू म्हणजे नाही. सर्कस, सायकल, नागपूरचं कॉलेज. कॉलेजला तिच्या आईने पाठवलं. हर्षाची आई वारली त्याला आता सहा वर्षं झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोबाइलवर जाहिरात. कानाच्या मापाचे इअरफोन! आपल्या कानाचा साचा काढून पाठवायचा, ते आतल्या वळणावळणाप्रमाणे बनवून देतात. आधी फक्त मोठमोठे गाणारे-वाजवणारे घेत, आता सामान्य माणसालाही परवडतात, असं एक दाढीवाला सांगत होता. म्हणजे सांगत असावा. खाली लिहून येत होतं.

सगळा उलगडा झाला. माझा डावा कान वेगळ्या घडणीचा आहे. बाजारू माल त्यात बसणार कसा?

वहाबभाऊंना दाखवलं. हे आमच्या आरा मशीनचे, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीचे, मालक. त्यांच्याकडे मी सव्वीस वर्षं सुपरवायझर आहे. ते म्हणाले, लटारूभाऊ, कानाचंच काम हाये तर आपली अदीबा आहे ना चंद्रपुरात. अदीबा म्हणजे त्यांची मुलगी, तिकडे कानाच्या दवाखान्यात आहे. मी म्हणालो, ती बहिऱ्यांचं पाहते, मला संगीतासाठी पाहिजे. ते म्हणाले, हो ना, तेच म्हणून राह्यलो.

दोनदा विचारावं लागलं. आरा चालू होता म्हणून. (आरा तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बंद होता असं सुकलूचं म्हणणं. सुकलूला सगळ्यात बोलायचं असतं.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

सागाच्या लिलावाला गेलो. माझ्या कानाविषयी इथे एक नोंद पाहिजे.

लठ्ठा, म्हणजे अख्खा ओंडका, बाहेरून कितीही गुबगुबीत दिसो, आतून पोकळ निघू शकतो. घेण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकायचा आणि ऐकायचं. भरीव लठ्ठा टणकन बोलतो, पोकळ भदभद करतो. हे ओळखणारा कान आमच्या आलापल्लीत माझा एकट्याचा. गेल्या दोन वर्षांत एकही पोकळ लठ्ठा माझ्या हातून मशीनवर आलेला नाही. ज्याच्या कानाला हे कळतं त्याला कंपन्या डबडे इअरफोन विकतात.

त्रास एकच, सुकलूचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. वीस वर्षं माझ्याबरोबर लिलावाला येतो, पण रीत नाही. मी ठोकत असतो आणि हा मागून येऊन नेमकी त्याच लठ्ठ्यावर पिचकारी मारतो. लाल घाण उडालेला लठ्ठा मी घेत नाही, पुढे जातो. आज चार चांगले लठ्ठे त्याच्यापायी सोडले.

२३ फेब्रुवारी, रविवार

हर्षाचा फोन. अकरा मिनिटं! रेकॉर्ड.

फार खुशीत होती. आवाज वर-खाली, मध्येच हसली, मध्येच थांबली. मी योग्य जागी होऊ दे म्हणालो. मग ती इतकी खूश झाली की पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी पुन्हा होऊ दे. शेवटी रडल्यासारखी वाटली. बहुतेक नेटवर्क.

प्रमोशन असावं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हर्षाचा व्हॉइस मेसेज. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिला मीच सांगितलं आहे की मला टाइप करून पाठवू नको, ती ऑफिसची पत्रं वाटतात, आवाज पाठव. पोरगी ऐकते.

मोबाइलच्या स्पीकरवर लावून पाहिला. 'बाबा' एवढं कळलं, पुढे भुणभुण. बंद केला. पोरीचा आवाज असल्या भंगारावर वाया घालवायचा नाही. नवे इअरफोन आले की निवांत खुर्चीत बसून ऐकेन. तोवर जपून ठेवतो.

सुकलू म्हणाला, मी ऐकून सांगू का. घरचं बोलणं परक्याच्या कानाने ऐकायचं! कमाल आहे.

१ मार्च, शनिवार. पहाटे

क्वार्टरच्या मागचं मोहाचं झाड वांझ झालं. दरवर्षी या दिवसांत पहाटे फुलं टिनावर टपटप पडायची, त्यानेच जाग यायची. हर्षाची आई म्हणायची, उठा, तुमचा अलार्म सुरू झाला. दोन वर्षं झाली, टप् म्हणून आवाज नाही. हवामान बदल, दुसरं काय. वनविभागाला कळवायला हवं. मसुदा करणे.

सकाळी ७

मसुदा करायला बाहेर बसलो तर सुकलूची बायको सुकरी झाडाखालून टोपली भरून फुलं नेत होती. म्हणाली, लय गळून राह्यले भाऊ यंदा, रातभर टिन वाजते तुमचं, झोप येते का? म्हणालो, येते.

फुलं वजनाला हलकी झाली असणार. मसुद्यात तसा बदल केला.

२ मार्च, रविवार

हर्षा. सात मिनिटं. आज मागणी होती. प्रत्येक वाक्य शेवटी वर जात होतं, 'ना?' वर संपत होतं. तीनदा 'ना?' आलं, मी तीनदा बघू म्हणालो. पैसे मागत असेल तर पाठवीनच, पण लगेच हो म्हणायचं नसतं. बापाने थोडा भाव खावा.

मग जेवले का विचारलं. ते मला नीट कळलं. जेवले का, हे मला नेहमी कळतं.

व्हॉइस मेसेज एकूण तीन झाले. सगळे जपून.

निर्णय: कानाच्या मापाचे इअरफोन घेणे. पक्का.

३ मार्च, सोमवार

निर्णय थोडा घाईचा होता. रबरी घ्यावे की कडक? पारदर्शक की रंगीत? तज्ज्ञांचे अकरा व्हिडिओ पाहिले. सगळे तज्ज्ञ हळू बोलतात.

५ मार्च, बुधवार. चंद्रपूर

एसटीने साडेतीन तास. अदीबाच्या दवाखान्यात गेलो. वहाबभाऊंची ही पोर परवापर्यंत भुशाच्या ढिगावर घसरगुंडी खेळायची, आता पांढरा कोट. मी आल्याआल्या सांगून टाकलं, संगीतासाठी. ती म्हणाली, हो काका, अब्बूंनी सांगितलं.

तिने हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं. कानात बारीक दिव्याने पाहिलं. म्हणाली, कान साफ आहेत. मग आत दोरा बांधलेला स्पंजाचा बोळा, आणि पिचकारीने गुलाबी मसाला. तोंड थोडं उघडं ठेवायचं, बोलायचं नाही, मसाला घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं हलायचं नाही. माझं डोकं हलू नये म्हणून तिने कपाळाला तळहात लावून ठेवला.

माझ्या चेहऱ्याला सहा वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. कटिंगवाला धरतो, पण ते वेगळं. बरं वाटलं. वाचणारं कोणी नाही म्हणून लिहून ठेवतो, फार बरं वाटलं. पाच मिनिटं लवकर संपली.

मसाला निघाला. माझे दोन कान, गुलाबी, टेबलावर. आत एवढी वळणं असतात हे माहीत नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

शंका. दोन्ही कानांत मसाला भरला तेव्हा उजवीकडचा आवाज एकदम बंद झाला. डावीकडे काहीच फरक पडला नाही. याचा अर्थ सरळ आहे. डावीकडचा मसाला नीट भरला गेला नव्हता. साचा पुन्हा काढावा लागेल. अदीबाला दोष देणार नाही, नवीन आहे.

८ मार्च, शनिवार

समाजकार्य. सुकलूकडून खर्रा सोडायचं वचन घेतलं, लठ्ठ्यावर थुंकणं कायमचं बंद. सुकरीने मला हात जोडले. सुकलू मात्र विचित्र चेहरा करून विचारत राहिला, मंग लिलावात कसं करू, भाऊ? तल्लफ येते बिचाऱ्याला. खिशात बडीशेप ठेवायला सांगितली.

९ मार्च, रविवार

हर्षा. चार मिनिटं. बरं, बरं, बघू. नेटवर्क. मेसेज ऐकले का, असं काहीसं विचारलं असावं. बरं म्हणालो.

१२ मार्च, बुधवार. चंद्रपूर

डाव्या कानाचा साचा पुन्हा. कपाळाला हात पुन्हा. अदीबा म्हणाली, काका, पहिला साचा चांगलाच होता. तरी काढला बिचारीने.

जाताना म्हणाली, बाजूच्या खोलीत दहा मिनिटं बसा, कान तपासून घेऊ, काही दुखत नाही. मी तिला समजावलं. म्हणालो, बेटा, मी लाकडाच्या पोटात काय आहे ते ऐकतो, माझी काय तपासणी करतेस? ती हसली. मग मी चपला घालत असताना ती माझ्या मागून काही बोलली म्हणे, तीनदा, आणि मी उत्तर दिलं नाही. मोठ्यांशी पाठीमागून बोलू नये हे हल्लीच्या मुलांना शिकवत नाहीत.

दोन्ही साचे कुरियरने पाठवले. रंग कळवायचा आहे.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

मशीन बंद. सुकलूच्या घरून पुरण आलं. दुपारी खुर्चीत बसून मेसेज मोजले. पाच. सगळ्यात लांब तीन मिनिटांचा. त्यावर बोट ठेवलं की निळ्या रेषा दिसतात, बुटक्या-उंच. तिसऱ्या मेसेजच्या शेवटी एक उंच रेषा आहे, मग सपाट, मग पुन्हा उंच. बराच वेळ पाहत बसलो.

ऐकावंसं वाटलं. पण एवढे दिवस थांबलो, आता पंधरा दिवसांसाठी कशाला.

१६ मार्च, रविवार

हर्षा. दोन मिनिटं. मार्च एंड आहे, कंपन्यांत फार काम असतं.

१७ मार्च, सोमवार

रंग ठरला. पारदर्शक. प्रत्येक नगावर नाव घालून देतात. उजव्यावर हर्षा, डाव्यावर लटारू. पैसे भरले. आता माघार नाही.

१८ मार्च, मंगळवार

लिलाव. अकरा लठ्ठे घेतले, एकेक ठोकून. सगळे टणटण. सुकलू एकदाही थुंकला नाही, पण दर दोन लठ्ठ्यांनी खाकरत होता, पाय आपटत होता, एकदा माझी बाही ओढली. खर्रा सुटल्याचा त्रास. त्याला बडीशेप दिली.

स्वच्छ वातावरणात काम किती पटकन होतं!

२१ मार्च, शुक्रवार

अकरापैकी चार पोकळ.

एकात मुंग्यांचं वारूळ, आरी लागताच सगळ्या मशीनभर. वहाबभाऊ पोकळ लठ्ठ्यात हात घालून कोपरापर्यंत आत नेऊन उभे राहिले. रोजा आहे, रागावत नसावेत.

सागाची जातच बिघडली. पूर्वीचा साग प्रामाणिक होता.

२२ मार्च, शनिवार

सुकलू क्वार्टरवर आला. बसला नाही. म्हणाला, भाऊ, राग नका येऊ देऊ. तुमाले दोन वर्सापासून पोकळ कळत नाई. मले कळते. तुमाले तोंडावर सांगतलं तर तुमी लय भडकता. म्हून मी पोकळ लठ्ठ्यावर थुकत होतो, तुमी घाण पाहून सोडून देत होते. आता तुमी थुकणंच बंद केलं, मंग मी काय करू?

मी त्याला जा म्हणालो.

हे खोटं आहे.

२३ मार्च, रविवार

हर्षाचा फोन नाही. मेसेज आला, एक मिनिट. मार्च एंड.

सुकलूचं म्हणणं खोटं असावं. पण आज सकाळी मशीन बंद असताना अंगणात गेलो, एक पोकळ आणि एक भरीव लठ्ठा शेजारी लावून ठोकून पाहिले. आलटून-पालटून बराच वेळ. दोन्ही एकसारखेच बोलले. कुऱ्हाड बदलली पाहिजे.

सुकलूला खर्रा पुन्हा सुरू करायला सांगावं का, हा प्रश्न विचाराधीन.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी हर्षाचा मेसेज, अडतीस सेकंद. एकूण आठ झाले. तिने मोबाइलवरचा फोटोही बदलला आहे. हिरवी साडी, हातात फुलं, शेजारी एक चष्मेवाला. ऑफिसचा कार्यक्रम. आईच्या वळणावर गेली आहे, हे साडीत जास्त कळतं.

सुकलूला फोटो दाखवला. त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी विचारलं. मी म्हणालो, बरं.

३० मार्च, रविवार

फोन नाही. मेसेज, चार सेकंद. नऊ झाले.

दुपारभर मोबाइल समोर घेऊन बसलो होतो. रविवारी तिचाच येतो, अशी आमची पद्धत आहे. मी कधी करत नाही. पद्धत मोडू नये.

आठवड्यातून एक फोन येणाऱ्या घरात तो एक आला नाही तर दिवस फार लांबतो.

३१ मार्च, सोमवार. ईद

वहाबभाऊंकडे शीरखुर्मा. गर्दी होती, सगळे एकदम बोलत होते, मी हसत होतो. अदीबा आली होती. ती येऊन माझ्या उजव्या बाजूला बसली. तिच्या चुलतभावाला तिथून उठवून बसली.

म्हणाली, काका, कान एकदम जात नाहीत. बारीक आवाज पहिले जातात. पाखरं, घड्याळ, पानावर काही पडलं तर ते. जाडे आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं सगळं येतं. सव्वीस वर्षं आऱ्याजवळ राहिलं तर होतंच, अब्बूंचंही झालंय, ते मशीन लावतात.

वहाबभाऊंनी मला कानामागचं मशीन दाखवलं. दोन वर्षं ते मला दिसलं नव्हतं.

मी म्हणालो, माझे इअरफोन चार तारखेला येत आहेत. ती म्हणाली, येऊ द्या.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ५

आले!

छोटी डबी, आत मखमल. काचेसारखे पारदर्शक, आत बारीक तारा. उजव्यावर हर्षा, डाव्यावर लटारू. कानात घातले तर असे बसले की जणू तिथेच उगवले. इतकी वर्षं कुठे होते?

आधी परीक्षेसाठी गाणं लावलं. उजवीकडे सुंदर. डावीकडे शुकशुकाट.

संध्याकाळी ६

तक्रारीचं पत्र लिहिलं. पाचवी कंपनी, तोच दोष, लाज वाटली पाहिजे, वगैरे. सुकलू माझी जुनी कुऱ्हाड परत द्यायला आला होता. पत्राला साक्षीदार म्हणून डावा नग त्याच्या हातात दिला. म्हणालो, बघ, मेला आहे. त्याच्या कानात तो बसत नाही, त्याने नुसता कानाजवळ धरला.

धरून उभा राहिला. मग मान डोलवायला लागला. गाण्याच्या ठेक्यावर.

म्हणाला, वाजून राह्यलं ना, भाऊ. मस्त वाजून राह्यलं.

पत्र पाठवलं नाही. दोष कंपनीचा नाही. आधीच्या चौघांचाही नव्हता.

६ एप्रिल, रविवार

सकाळी खुर्ची मोहाच्या झाडाखाली नेली. फुलं पडताना दिसत होती. मेसेज पहिल्यापासून लावले, उजव्या कानात, आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवून.

हर्षा इतकी जवळून बोलली की मी वळून पाहिलं.

पहिला, २४ फेब्रुवारीचा. बाबा, काल तुम्ही होऊ दे म्हणले, मले रात्रभर झोप आली नाई. मले वाटत होतं, पवन आपल्यातला नाई, तुम्ही ऐकूनच घेणार नाई.

दुसरा, पवनविषयी. चष्मा आहे, कमी बोलतो, तिच्या ऑफिसात आहे. त्याला मोहाची भाकर खायची आहे.

तिसरा. अठ्ठावीस मार्चला पुण्यात रजिस्टर लग्न. जास्त कोणी नाही. पण साक्षीदारात पहिली सही बाबाची पाहिजे. तुम्ही येसान ना?

ती उंच रेषा तिथली होती.

चौथा. बाबा, रविवारी तुम्ही तीनदा बघू म्हणले. बघू म्हणजे काय, मले लहानपणापासून माहीत हाये. मंग आधी होऊ दे काऊन म्हणले?

पाचवा. बल्लारशाहून तिकीट काढू का?

सहावा. राग आला असेल तर शिव्या द्या, पण बोला.

सातव्यात ती बोलतच नाही. एक मिनिटभर गाड्यांचे हॉर्न. शेवटी, बरं, बाबा.

आठवा, अठ्ठावीस मार्च. झालं, बाबा. तुमच्या जागी आमच्या घरमालकीणबाईनं सही केली.

नववा, चार सेकंद. बाबा, जेवले का?

सुकरी टोपली घेऊन आली आणि माझ्याकडे पाहून परत गेली.

मग मी फोन केला. मी. पहिल्यांदा.

तिने उचलला. मी म्हणालो, बाई, मला डावीकडून ऐकू येत नाही. उजवीकडून अर्धं येतं. दोन वर्षं झाली. सुकलूला माहीत आहे, वहाबभाऊंना माहीत आहे, मला परवा कळलं. मी रागावलो नव्हतो. मला तुझं लग्न ऐकू आलं नाही.

तिने विचारलं, मंग होऊ दे म्हणले ते? म्हणालो, अंदाजाने. पण आता नीट ऐकलं, आताही होऊ दे.

ती हसली. ते स्वच्छ आलं. म्हणाली, मी आणि पवन येतो पुढच्या आठवड्यात, तुम्हाले इकडे घेऊन येतो, मोठ्या डॉक्टरले दाखवू, चार महिने राहा आमच्याजवळ. येसान ना, बाबा?

आणि माझ्या तोंडून, कसं ते देव जाणे, बघू.

लगेच म्हणालो, नाही नाही, तसं नाही, येतो. येतो बाई, नक्की येतो. तुम्ही या. तीन-चारदा म्हणालो.

तिकडून काही आलं नाही. आवाज शेवटच्या टोकाला होता, आणखी वाढवायला जागा नव्हती. कानातलं बोटाने दाबून धरलं. स्क्रीनवर सेकंद चालू होते, म्हणजे तिने ठेवला नव्हता. अदीबा म्हणाली होती, बारीक आवाज पहिले जातात. हर्षा रडते तेव्हा बारीकच रडते, आईसारखी. ती रडत होती, का हसत होती, का नुसती गप्प होती, मला सांगता येत नाही. मी येतो, येतो म्हणत राहिलो. समोर फुलं पडत होती.

कॉल: चौदा मिनिटं. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा.